मोशीचा देवळासमोरचा थांबा

त्या वर्षांत प्रवासी गाड्यांचे थांबे पाहून तेथील धोके कळवणे आणि गरज पडल्यास थांबा हलवणे हे माझे काम होते. आंधळे वळण, उतार, खाली आलेली फांदी, निसरडी माती. मोशीला यांपैकी काहीच नव्हते. रस्ता सरळ होता. तरीही एक दिवस इथे माणूस चाकाखाली जाईल, असे कंडक्टर म्हणत.

हिवाळ्यात सकाळी इंद्रायणीवरून धुके चढे. शेते, चिंचा, रस्ता, सारे एकाच पांढऱ्या पाण्यात बुडे. चाकणकडे जाणारी गाडी आधी आवाजाने येई, मग दोन पिवळ्या डागांनी. उतरलेली माणसे गाडीमागून रस्त्याच्या मधोमध येत, वहाणा काढीत आणि पलीकडच्या देवळाकडे तोंड करून डोळे मिटीत. गावात शिरण्यापूर्वी आल्याचे देवाला सांगायचे, ही रीत. धुक्यात ती डोहाच्या तळाशी उभी असल्यासारखी दिसत. मी आवश्यकतेपेक्षा अधिक वेळ पाहत राहिलो.

थांबा मी थोडा पुढे, एका आंब्याखाली नेला. देऊळ दिसले नाही तर कोणी थांबणार नाही, असा माझा विचार.

पहिल्याच सकाळी एक बाई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आणलेल्या लेकीसह उतरली. दोघी रस्त्याच्या मध्यात गेल्या आणि त्यांनी धुक्याकडे तोंड करून हात जोडले.

"बाई, बाजूला व्हा. इथून देऊळ दिसत नाही," मी म्हणालो.

"आमाला न्हाई दिसत. त्याला दिसतंय न्हवं?" आई म्हणाली. "भरल्या पोटाची लेक न सांगता गावात नेऊ व्हय?"

चाकणकडून मालट्रकचा आवाज आला. दिवे दिसेनात. मुलीचे डोळे मिटलेले, ओठ हलत होते. ओढली असती तर ती पडली असती. मी थांबलेल्या प्रवासी गाडीच्या पुढे धावलो आणि दोन्ही हात वर करून रस्त्यात उभा राहिलो.

ट्रक माझ्यापासून हातभरावर थांबला.

"ओ पाव्हणं, घरी भांडून आलाय का?" ड्रायव्हर ओरडला.

"मागे पोटुशी बाई आहे."

त्याने इंजिन बंद केले. शांततेत नदी ऐकू आली. मुलीने सावकाश डोळे उघडले, वहाणा घातल्या आणि आईचा हात धरून धुक्यात विरून गेली.

थांबा मी पुन्हा देवळासमोर आणला. उतारूंचे हात खाली येईपर्यंत कंडक्टरने समोरची वाहने रोखावीत, असे सुचवले. वरिष्ठांनी विचारले, किती वेळ? मी म्हणालो, देवाला सांगून होईपर्यंत.

पुढच्या आठवड्यात तिथे गेलो. कंडक्टर धुक्यात हात पसरून उभा होता. पलीकडे एक बैलगाडी आणि एक ट्रक, दोन्ही निमूट.