वेदीपुढे ठेवलेला कोंबडा

प्रश्न विचारायचा असला की टँकरमामा हात वर करत नसत. उजवा हात बाजूला लांब काढत, गाडी थांबवताना ड्रायव्हर खिडकीतून काढतो तसा. मग म्हणत, "थांबा सर, मी अजून मागंच हाय." शेजारी बसलेल्याला तेवढ्यापुरतं मागे सरकावं लागे.

आमच्या जतच्या चर्चमध्ये लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या चाळीस दिवसांत, दर बुधवारी संध्याकाळी मोठ्या माणसांचा शास्त्राभ्यास असतो. पाळकसाहेबांकडे तीन गावांच्या मंडळ्या, त्यामुळे वर्ग माझ्या गळ्यात पडलेला. मी शाळेत गणित शिकवतो. शास्त्राचं माझं ज्ञान पाळकसाहेब देतात त्या पुस्तिकेएवढं, तेही वर्गाच्या फक्त एक धडा पुढे. तुमच्यापैकी कुणी असा वर्ग घेतला असेल तर ठाऊक असेल, तिथे सगळे मान डोलावतात आणि कुणी काही विचारत नाही. आम्ही काही वर्षं अशी सुखात काढली. मग टँकरमामा आले.

ते पाण्याचा टँकर चालवत. साठीला आलेले, धनगराच्या घरातले, बायकोच्या माहेरकडून ख्रिस्ती मंडळीत आलेले. बायको वारली तेव्हापासून वर्गाला येऊ लागले. टँकर फाटकाबाहेर उभा करायचे, त्याच्याच नळाखाली हातपाय धुवायचे आणि पुढच्या बाकावर येऊन बसायचे.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला माझ्याच विषयात गाठलं. "राखंच्या बुधवारपास्नं ईस्टरपतुर शेचाळीस दिस भरत्यात. चाळीस कुठनं आनलं?"

"मधले रविवार धरत नाहीत, मामा. रविवार आनंदाचा."

"मग मी तंबाखू सोडलीया, ती रविवारी खाऊ?"

मी म्हटलं, पाळकसाहेबांना विचारून सांगतो. पाळकसाहेबांनी जे सांगितलं ते मला नीटसं कळलं नाही, त्यामुळे मामांनाही कळलं नाही. त्या रविवारी त्यांनी तंबाखू खाल्ली नाही. सोमवारी मात्र रस्त्यात टँकर थांबवून विचारलं, "खाल्ली असती तर चाललं असतं व्हय?" मी "बहुतेक" म्हटल्यावर ते बराच वेळ हळहळत राहिले.

तिसऱ्या बुधवारी समेटाचा धडा होता. वेदीपाशी दान आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी भावाशी समेट कर, मग येऊन अर्पण कर. मी वाचलं, सगळ्यांनी माना डोलावल्या. मामांचा हात बाहेर आला.

"राग भावाला हाय. आन जायचं मी?"

"हो."

"त्यानं न्हाई?"

"इथे तरी तसंच दिलंय."

वर्ग सुटल्यावर फाटकाशी मामांनी सांगितलं. आई वारली त्या दिवशी ते एका वाडीवर पाणी घेऊन गेले होते. बायका घागरी मांडून बसलेल्या, टँकर अर्ध्यात सोडून निघवेना. आटपाडीकडे गावी पोचले तोवर उशीर झाला होता. धाकट्या भावाने दिवस मावळेपर्यंत वाट बघितली आणि मग सगळं उरकलं. त्याला आता नऊ वर्षं होत आली. त्या दिवसापासून भाऊ बोलत नव्हता.

पुढच्या रविवारी उपासना सुरू होण्याआधी मामा एक तांबडा कोंबडा घेऊन आले. आमच्याकडे अंडी, ज्वारी, डाळिंबं असं दान येतं आणि उपासनेनंतर पंच अंगणात त्याचा लिलाव करतात, तेव्हा कोंबड्याचं कुणाला नवल वाटलं नाही. मामांनी तो वेदीपुढच्या मेजाच्या पायाला बांधला आणि माझ्यापाशी येऊन म्हणाले, "अर्पन न्हाई केला. ठेवलाय नुसता. भाऊ मेंढरं घिऊन कराडच्या अंगाला गेलाय, त्याला गाठतो आन येतो." आणि गेले.

प्रवचनात कोंबडा दोनदा आरवला. लोक हसले. उपासना संपल्यावर पंचांनी तो इतर दानाबरोबर अंगणात आणला आणि पुकारा केला. मी तोंड उघडलं. पण सांगायचं काय? ठेवलेलं दान हे दान की नाही? मामा परत येईपर्यंत त्याला चारा कोण घालणार? खरं म्हणजे एवढ्या लोकांसमोर हे समजावून सांगताना आपलं हसं होईल, याची मला भीती वाटली. मी गप्प बसलो. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी कोंबडा घेतला आणि दुपारी तो शिजलासुद्धा.

मामांचा नंबर माझ्याकडे होता. मी फोन केला नाही.

उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या संध्याकाळी प्रभुभोजन असतं, वेदीपाशी जाऊन भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी. लोक आत जात होते आणि मामा फाटकातून आले. उन्हाने रापलेले, अंगाला मेंढरांचा वास, आणि चेहरा असा फुललेला की मला धस्स झालं.

"दोन दिस बगितलंच न्हाई माझ्याकडं," पायरीवरच सांगायला लागले. "मी आपला मेंढरामागं चालतोय. तिसऱ्या दिशी त्याच्या बायकूनं इचारलं, ह्यास्नी भाकरी वाढू का? तर म्हनला, वाढ. सर, नऊ वर्सांनी! मग ऱ्हायलो तितंच. कोंबडा कुठाय?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, नर्सबाईंसकट.

"ठेवला हुता न्हवं?"

"हो."

"तुमाला म्हाईत हुतं. आन तुमी गप?"

"हो, मामा."

मामा म्हणाले, "सर, मला तुमचा राग आलाय. लय आलाय." आणि लगेच त्यांच्या कपाळाला आठी पडली, काळजीची. "मग आता तुमचं कसं हुनार? आत कसं जानार तुमी?"

"माफ करा मला."

"करीन की. पर आत्ता हुईना. देवाच्या दारात खोटं कशाला बोलू?" आतून गीत सुरू झालं. ते दोन पायऱ्या चढले आणि वळले. "मी जाऊ का? राग मला हाय, म्हंजी अडचन तुमची. असंच हाय न्हवं?"

धड्याप्रमाणे बरोबर होतं. मी हो म्हटलं. ते आत गेले आणि मी बाहेर पायरीवर बसून राहिलो. राग धरणाऱ्यानेही क्षमा करायची असते, हा पुढचा धडा मला घरी गेल्यावर आठवला.

ईस्टरनंतर टँकर सोडून ते भावाबरोबर मेंढरांमागे गेले. मी दोन-तीनदा फोन लावला. वाजायचा, पण उचलला जायचा नाही. रानात ऐकू आला नसेल किंवा उचलायचा नसेल, मला ठरवता आलं नाही.

दिवाळीच्या आधी त्यांच्या नंबरवरून फोन आला. मी घाईने "मामा!" म्हटलं, तर आवाज दुसराच.

"दादा गेला. परवा, झोपंतच. ह्या फोनात जेवडी नावं हायती तेवड्यांस्नी कळवाय लागलोय. तुमी कोन?"

"मी चर्चमधला सर."

"व्हय, व्हय. सरांनी तुज्याकडं धाडलं म्हनायचा."

मी विचारलंच, "माझ्यावर त्यांचा राग होता का हो? कधी काही म्हणाले?"

पलीकडे मेंढरं ओरडत होती. "ते न्हाई ठावं," भाऊ म्हणाला. "आमी लय बोलत नव्हतो. संगं चालायचो निस्तं."

लेंटचा वर्ग अजून मीच घेतो. प्रभुभोजनाला लोक उठून पुढे जातात, पाळकसाहेब माझ्याकडे बघतात आणि मी बाकावर बसून राहतो. मला उठायला हरकत आहे की नाही, हे एकच माणूस सांगू शकला असता.