कंकालेश्वराच्या मंडपातला फोटो

आधी चहा संपवा, मग सांगतो. हा किस्सा ऐकताना माझ्या बायकोला दर वेळी ठसका लागतो, आणि ती तर तिथं हजरही नव्हती.

निजामाच्या राज्यात मी बीडला वकिली करायचो. वकिली बेताची, हौस दांडगी. हैदराबादेहून एक कॅमेरा आणलेला. तीन पायांचा, मागं काळं फडकं, आत काचेची प्लेट. एकदा अव्वल तालुकदारसाहेबांपुढं, म्हणजे जिल्ह्याच्या कलेक्टरापुढंच, माझ्या तोंडून निघून गेलं, "हुजूर, कंकालेश्वराच्या मंडपाचा आतून फोटो काढून देतो."

साहेब खूश. फोटो हैदराबादला पाठवू म्हणाले. माझे जमिनीचे दावे त्यांच्यापुढंच चालायचे. आता माघार कशी घ्यायची, सांगा.

देऊळ तळ्याच्या पाण्यात, अन् मंडपात भर दुपारी अंधार. डोकं आपटलं की कळायचं, इथं खांब हाय. मग मला सुचलं, आरसे लावून ऊन आत न्यावं.

घरी बायकोला म्हटलं, "तुझा माहेरचा मोठा आरसा दे."

"कावून?"

"देवळात न्यायचाय."

"महादेवाचा भांग पाडायलाव का?"

आरसा दिला, पण तडा गेला तर तलवाड्याला माहेरी निघून जाईन, एवढं सांगूनच.

न्हाव्याकडून, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून आणखी आरसे गोळा केले, आणि ते धरायला माणसंही. बाहेरच्यानं ऊन दारातल्याकडं फेकायचं, दारातल्यानं आत. सोपं काम. पण माणसाच्या हातात आरसा दिला की तो आधी काय करतो? मिशा बघतो. त्या नादात कवडसे तळ्यावर सैरावैरा नाचायला लागले. त्यातला एक काठावरच्या पोलीस चौकीत शिरला. तिथं जमादारसाहेबांचा नुकताच डोळा लागला होता.

जमादार आले ते पट्टा बांधत बांधतच.

"वकीलसाब, ये इशारे किसकू चल रहे?"

"इशारे न्हाईत जमादारसाहेब, फोटो काढायलाव."

"फोटो कू इत्ते आइने?"

लई समजावलं. पटेना. शेवटी त्यांनाच काळ्या फडक्याखाली घातलं. म्हटलं, बघा तुम्हीच. आता या कॅमेऱ्याच्या काचेवर सगळं उलटं दिसतं, हे सांगायचं राहूनच गेलं. जमादार बराच वेळ आत. मग बाहेर येऊन हळूच म्हणाले, "वकीलसाब, पुजारी कू उल्टा कायकू लटकाये?"

खांबाशी उभ्या असलेल्या पुजाऱ्यानं आधी आपले पाय जमिनीवर हायत का, ते बघून घेतलं.

फोटो छापला की सगळं सुलटं होतं, हे पटवता पटवता ऊन कलायला लागलं. जमादार शेवटी एका अटीवर मानले. फोटोत मधोमध तेच पाहिजेत.

केले उभे. अंधारातल्या फोटोला लई वेळ लागतो, अन् तेवढा वेळ सगळ्यांनी पुतळा होऊन राहायचं. मी भिंगावरचं झाकण काढलं, आणि लगेच न्हाव्याचा आरसा हलला. मी धावत पुढं गेलो. "हलू नका!" दारातला एकजण खोकला. "खोकू नको बे." जमादारांच्या मिशीवर माशी बसली, ती त्यांनी बिचाऱ्यांनी सोसली. मी बोट वर करून सगळ्यांवर नजर ठेवत तिथंच ताठ उभा. शेवटी मागं येऊन झाकण लावलं. पुजारीसुद्धा म्हणाला, "वकीलसाहेब होते म्हणून जमलं."

बायकोचा आरसा धड घरी पोचला. मी छाती फुगवून जेवलो.

प्लेट धुतली, फोटो छापला, आणि तोंड लपवून घरातच बसलो. किती दिवस लपणार? साहेबांनी जमादारांनाच धाडलं, फोटो अन् वकील दोन्ही घेऊन या म्हणून.

साहेबांनी फोटो हातात घेतला. छताची नक्षी सुरेख आलेली. एका कडेला एक खांब आलेला. जमादारांच्या मिशीचं एक टोक आलेलं. बाकी सगळ्या फोटोभर एक पाठमोरा माणूस, बोट वर केलेला.

"ये कौन है?"

जमादार अदबीनं पुढं झाले. "हुजूर, ये अपने वकीलसाब. सबकू हिलो मत, हिलो मत बोल रहे थे."

साहेबांनी फोटो उजेडाकडं धरून पुन्हा नीट निरखला.

"खुद तो बिल्कुल नहीं हिले," ते म्हणाले.