आवाजावरची पुसलेली खूण

गेल्या बुधवारी एसटीने मुखेडला जाऊन आले. एका घरी जाऊन सांगायचं होतं, की चूक माझी होती... त्या घरच्या मुलीला विचारूनच हे लिहितेय, नावं बदललीत.

मी मूळची लातूरची. नांदेडच्या एका हॉस्पिटलात नेटवर्कचं काम बघते. मुखेडला आमचं छोटं सेंटर आहे आणि दोन्हीकडचे फोन आमच्याच नेटवर्कच्या लाइनवर चालतात.

गफूरचाचांचं मुखेडात जळालेल्या मोटारी रिवाइंडिंग करून द्यायचं दुकान. त्यांची बायको रजियाचाची घरी पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, म्हणून त्या मुखेडच्या सेंटरमध्ये होत्या. चारच दिवसांत चाचांना हार्ट अटॅक आला आणि त्यांना नांदेडला आणावं लागलं.

आमच्या आयसीयूत मोबाइलला रेंज नाही. चाचा सारखे म्हणत होते, रजियाशी बोलायचंय. शेवटी दुपारी संगीता सिस्टरने टेबलावरचा फोन त्यांच्या उशाशी ओढून आणला आणि मुखेडला लावून दिला.

चाचा दमत दमत बरंच बोलले. तिकडे चाचींना शब्दांचे नुसते तुकडे ऐकू आले... दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा गेले.

मला हे कळलं आठवड्याने. त्यांची मुलगी शबाना तेव्हा मुखेडला आईजवळ बसलेली होती, तिची तक्रार आली. "अब्बांचं शेवटचं बोलणं अम्मीला समजलं नाही. फोन दुरुस्त करून घ्या, दुसऱ्या कुणाचं असं व्हायला नको." एवढंच. चिडून लिहिलं असतं तर बरं वाटलं असतं...

फोन चांगला होता. मग स्विच तपासला, म्हणजे फोन-कॉम्प्युटरच्या वायरी जिथे जोडतात ती पेटी. चूक तिथे होती.

नेटवर्कवरून आपलं बोलणं छोट्या छोट्या पॅकेटांमधून जातं. फोन त्या प्रत्येक पॅकेटवर एक खूण लावतो... हा आवाज आहे, याला आधी सोडा. पण ती खूण मानायची की पुसायची, हे स्विचच्या सेटिंगवर असतं. आमच्या मॉडेलला स्पष्ट सांगितलं नाही, तर तो आलेली खूण पुसून शून्य करतो.

तसंच झालं होतं. त्या दुपारी नांदेडहून मुखेडला सीटी स्कॅनच्या मोठाल्या फाइल जात होत्या आणि चाचांचा आवाज त्यांच्याच रांगेत उभा राहिला. फाइलला उशीर झाला तर काही बिघडत नाही. आवाजाला उशीर झाला की तो शब्द गेलाच.

तो स्विच मीच बसवला होता, त्या फोनच्या पंधरा दिवस आधी. आयसीयूचा फोन जोडलेल्या पोर्टच्या सेटिंगमध्ये 'खूण मान' ही एक ओळ टाकायची राहिली. फोन लावून बघितला, 'हॅलो' स्वच्छ ऐकू आलं, सही करून मोकळी झाले. लाइन मोकळी असताना ऐकू येणारच ना...

सेटिंग दोन मिनिटांत झालं. पण मला चैन पडेना. मी संगीता सिस्टरना गाठलं आणि विचारलं, चाचा काय बोलत होते, आठवतंय का?

त्यांना सगळं आठवत होतं. "ते म्हणत होते, अंगणातली पायरी उखडली होती. लावतो लावतो म्हणून माझ्याकडून राहिली, अन् तू पडलीस. मला माफ केलंस का? दोनदा विचारलं त्यांनी. तिकडून होकार आला, 'हाव, हाव.' मग शांत पडून राहिले."

मुखेडहून येणारा आवाज नीट होता. गर्दी फक्त आमच्याकडून जाणाऱ्या बाजूला होती.

चाची आता घरी आल्यात, खाटेवरच असतात. मी आधी माझी चूक सांगितली, मग चाचांचं बोलणं सिस्टरनी सांगितलं तसं सांगितलं. शबाना दाराशी उभी राहून ऐकत होती.

चाची म्हणाल्या, "मला तर काहीच समजून नव्हतं राहिलं, बेटी. ते घाबरतील म्हणून उगं हाव हाव म्हणले."

मी म्हटलं, "पण चाची, त्यांना तुमचं उत्तर मिळालं."

"त्यांना मिळालं." त्यांनी पदर तोंडाला लावला. "पायरीचं मी कधी मनात पण आणलं न्हाई. ऐकू आलं असतं तर म्हणले असते, तुमचा काय कसूर... ते सांगायचं राहिलं ना."

शबाना आत जाऊन रडत होती, तो आवाज येत होता.

मला माफ केलंत का, हे मी चाचींना विचारलं नाही. निघताना म्हणाल्या, चहा घेऊन जा. मी घेतला.

आता लाइन भरलेली असतानाच प्रत्येक फोन तपासते. त्याने चाचींचं काही परत येणार नाही, हे मला माहीत आहे... पण संगीता सिस्टर, दिवसभराच्या धावपळीत एका माणसाचं बोलणं तुम्ही नीट ऐकलंत आणि जपून ठेवलंत. तुमच्यामुळे ते चाचींपर्यंत पोचलं. तुमचे आभार कसे मानावेत, मला खरंच कळत नाही.