सड्यावरची हिरवळ, खालची बांय

हिरव्या रंगाची कोणाला शिसारी येते का? मला येते. मोप्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, एप्रिलच्या रणरणत्या उन्हात कोणीतरी ओली, गुळगुळीत हिरवळ अंथरलेली दिसली की मी तोंड फिरवतो. आणि लाज सोडून सांगायचं तर तसल्या हिरवळींना पाणी देणारे निम्मे पाइप मीच जोडलेले आहेत.

मी भिकाजी. धंद्याने प्लंबर, मूळ दोडामार्गचा, पोटापाण्याला साखळीत. पण मी माझं पुराण सांगायला बसलेलो नाही, सगुणदाचं सांगतोय.

सगुणदाने डिचोलीच्या एका खाणीवर बावीस वर्षं काढली. खनिज काढून उरलेली टाकाऊ माती डोंगराएवढी साठायची, तिच्यावर झाडं जगवायचं काम त्याच्याकडे. मी तिथे पाण्याची लाइन सांभाळायचो. त्या मेलेल्या लाल ढिगावर गवताची काडी उभी राहायची नाही, तिथे ह्या माणसाने काजू आणले. पाहुणे आले की साहेब लोक त्या काजूंपुढे उभे राहून फोटो काढून घ्यायचे. सगुणदाला कोणी फोटोत बोलावलं नाही, आणि तोही कधी पुढे सरकला नाही. मग खाण बंद झाली. मी लोकांच्या बंगल्यांतल्या बाथरूममध्ये शिरलो, तो त्यांच्या बागांमध्ये.

त्याची कामाची रीत लोकांना वेडेपणाची वाटायची. बाग आखायची म्हटलं की तो एप्रिलात, भर दुपारी बारा वाजता यायचा आणि चपला काढून जागेवरून अनवाणी फिरायचा. जिथे पाय टेकवत नाही तिथे खाली सलग कातळ, तिथे काही लावायचं नाही. जिथे पाय जरा तग धरतो तिथे माती आहे. तिथे तो चुन्याची फकी टाकायचा. घरमालक सावलीत सरबत पीत बघायचे आणि हसायचे. हसा म्हणावं, उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना आणखी काय जमतं?

दोन वर्षांपूर्वी त्याचा भाचा गौरेश ह्याने सड्यावर बंगला बांधायला घेतला. विमानतळ झाल्यापासून गौरेशच्या गाड्या प्रवासी वाहतात, बरं चाललंय त्याचं. सगुणदाचा वाडा, म्हणजे बारा घरांची वस्ती, बरोबर त्याच सड्याच्या पायथ्याशी. बारा घरांत एकच विहीर, तिला तिकडे बांय म्हणतात. नळ आहे, पण त्याला पाणी येतं ते देवाच्या मर्जीने. गौरेश स्वतः लहानपणी आजोळी राहून त्याच बांयचं पाणी पीत वाढला. हे मुद्दाम सांगतोय.

बागेचं मामालाच विचारायचं ठरलं. मीही होतो, पाइप कुठून न्यायचे ते बघायला. सगुणदाने कातळावर टाच आपटली.

"सडो म्हणजे उंडो," तो म्हणाला. उंडा म्हणजे आमच्याकडचा कडक कवचाचा, आतून मऊ गोल पाव. "भायल्यान घट, भितर मोव. चार म्हयने पावस पिता आणि आठ म्हयने खाली आमच्या बांयत सोडता. हंय बोअर मारलंस तर आमची बांय मेली. बाग करूया, पण बोअर नाका."

आणि त्याने खरंच बोअरशिवाय बाग आखली. कातळाची बाजू तशीच सोडायची, पावसाळ्यात ती आपण होऊन फुलांनी भरते, उन्हाळ्यात सुकते, सुकू दे. कडेला करवंद आणि कुडा. दारात पांढरा चाफा, त्याला पाणी लागतच नाही म्हटलं तरी चालेल. काजूचे खड्डे फेब्रुवारीतच खणायचे, त्यांचा तळ पहारीने फोडायचा, नाहीतर पावसात खड्ड्याची घागर होते आणि मुळं कुजतात. खड्डे पातेऱ्याने, म्हणजे वाळक्या पानांनी भरायचे. आणि न्हाणीचं पाणी मागच्या केळींना. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आलंय, अंघोळ माणसाची आणि पाणी केळीचं.

गौरेशची बायको समीक्षा ह्यावर नाकाला पदर लावून म्हणाली, "शी! न्हाणयेचा उदक बागेत? पावण्यांनी बघलां तर?"

तिच्या अंगावरचा साबण तिलाच घाण वाटतो! मला तेव्हाच वीट आला. पण सगुणदा हसला, म्हणाला केळींपुढे जास्वंदीचं कुंपण करू, कोणाला दिसणार नाही. गौरेश म्हणाला, "मामा, तू सांगशी तसाच." मामाच्या पाया पडला. इतका वाकला की मला तिथेच संशय यायला हवा होता.

नोव्हेंबरात सगुणदा चार दिवस मुलीकडे सावंतवाडीला गेला आणि त्या चार दिवसांत बोअरचं यंत्र सड्यावर चढलं. मागोमाग गुंडाळ्या करून आणलेलं गवत आलं, फवारे आले, आणि गौरेशचा मला फोन आला.

आता मी काय केलं ते ऐका, म्हणजे दुसऱ्यांना नावं ठेवायचा माझा अधिकार किती ते कळेल. मी गेलो. मनाशी म्हटलं, मी नाही जोडला तर दुसरा जोडेल. जगातली सगळी घाण ह्या एका वाक्यावर तरंगते. पाच हॉर्सपॉवरचा पंप बसवला, हिरवळीत अठरा फवारे बसवले, आणि केळींकडे जाणारा न्हाणीचा पाइप माझ्याच हाताने कापून शोषखड्ड्यात वळवला. फवारे सुरू झाले तेव्हा समीक्षाने टाळ्या वाजवल्या. मी तिथे चहा प्यालो, बिस्किटंसुद्धा खाल्ली.

सगुणदा परत आला. सड्याच्या उतारावर बोअरचा चिखल ओघळलेला होता, त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. मला वाटलं, भांडेल. तो साखळीला माझ्या घरी आला, पायरीवर बसला आणि एवढंच विचारलं, "पंप केदो घातलंस?"

"पाचाचो," मी म्हटलं.

"बरो," म्हणाला आणि उठून गेला. त्याने माझ्या थोबाडीत मारली असती तर मी त्या रात्री जेवलो असतो.

जानेवारीत बांयचं पाणी चार हात उतरलं. फेब्रुवारीत दोर जोडावा लागला. मार्चअखेर सगुणदाची बायको सुशीला वहिनी कळशी सोडायची तेव्हा ती तळाच्या दगडावर खणकन वाजायची आणि वर यायचा तो राडा. ते पाणी फडक्याने गाळलं की फडक्यावर शेवाळं आणि किडे. मी डोळ्यांनी पाहिलंय. वरती मात्र दिवसातून दोनदा अठरा फवारे गरगर फिरत होते. वाड्यातले लोक काय करत होते म्हणाल तर कुजबुजत होते. गौरेशकडे कोणाचा मुलगा ड्रायव्हर, कोणाचा जावई. तोंड उघडून एकाने विचारलं असेल तर शपथ! त्या किड्यांपेक्षा मला ह्या माणसांची किळस जास्त आली, आणि सगळ्यांत जास्त कोणाची ते सांगायला नको.

एप्रिलात गौरेशने घरप्रवेश काढला. आमच्याकडे पूजा भटजी करतो, पण त्याआधी जागेच्या राखणदाराला गाऱ्हाणं घालावं लागतं. नारळ-विडा मांडून जाणता माणूस देवाशी आपल्या बोलीत बोलतो, मागणं मागतो, आणि प्रत्येक मागण्याला जमलेल्यांनी एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. मागणं अर्धं ऐकलेलं असतं, 'म्हाराजा' हा शब्द कानावर पडला की तोंड आपोआप उघडतं. पाळण्यातली पोरं बोलायला शिकतात तेव्हापासून हेच.

त्या टापूत गाऱ्हाणं घालावं तर सगुणदानेच. गौरेश निर्लज्जासारखा मामाला बोलवायला गेला. मला वाटलं होतं, सगुणदा त्याला दारातून हाकलेल. तो धुतलेलं धोतर नेसून वेळेवर हजर झाला. खालचा अख्खा वाडा जेवायला आला होता, मीही होतो. सगळे हात जोडून उभे राहिले, निम्म्यांचं लक्ष आचाऱ्याकडे. उघड्या दारातून ओल्या हिरवळीचा वास येत होता.

"बा देवा म्हाराजा, हे जाग्याच्या राखणदारा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या गौरेशान नवो संसार मांडलो हा, तो सुखाचो कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या गाड्यांक, पोराबाळांक सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगुणदाचा सूर बदलला नाही, आवाज चढला नाही. डोळे मिटलेले, हात जोडलेले.

"तेणी सड्याच्या पोटात भोक पाडून उदक ओढलां हा, ता असाच ओढीत ऱ्हवांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ज्यान पंप बसयलो, तेच्या हाताक यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मीही म्हटलं. म्हणून झाल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. मी इकडेतिकडे बघितलं. गौरेश मान डोलावत होता, समीक्षा मोबाइलवर सगळं टिपून घेत होती. सुशीला वहिनी डोळे मिटून उभ्या होत्या. कोणाच्या चेहऱ्यावरची माशी हलली नव्हती.

"खालच्या वाड्याची बांय सुकली हा, ती अशीच सुकी ऱ्हवांदे. बारा घरांका घोटभर उदक गावा नको रे म्हाराजा!"

आणि बाराही घरं, बाया-बापे, म्हातारेकोतारे, जेवणाची घाई झालेले, एका सुरात ओरडले, "व्हय म्हाराजा!"

सगुणदाने डोळे उघडले, सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली आणि नारळ फोडला.