मासोळ्यांची अट

अकोल्याच्या जुन्या शहरातून आम्ही निघालो तेव्हा गाडीत माझ्या दोन पायांमध्ये थंड पाण्याचा जार होता आणि त्या जारात सहा मासोळ्या होत्या. जार अशासाठी, की त्यात पाणी लवकर तापत नाही. गल्लीतले लोक निरोप द्यायला जमले होते, पण निरोपाचं तोंड एकाचंही नव्हतं. शेजारचे रशीदभाई, ज्यांच्या हाती मी नुकतीच घराची किल्ली दिली होती, खिडकीतून आत वाकले आणि म्हणाले, "काहो भाऊ, अमरावतीले चालले का अमेरिकेले? तोंड त असं करून राहिले जसं विमान सुटून राहिलं." सगळे हसले. माझी बायको विमल पुढच्या सीटवर बसली होती, तीही हसली. मी काच वर केली आणि गाडी चालवणाऱ्या जावयाला म्हटलं, चल.

तुमच्यापैकी जे पुण्याला गेले, दुबईला गेले, त्यांना पोचवायला माणसं स्टेशनावर आली, बायांनी डोळे पुसले, कोणी डबे बांधून दिले. माझ्या वाट्याला थट्टा आली. अकोला ते अमरावती म्हणजे सकाळी लग्नाला जाऊन संध्याकाळी परत येण्याचं अंतर, त्याला कोणी गाव सोडणं म्हणत नाही. पण मी पलंग खोलून विकले होते. देव्हारा आमच्याकडे नाही, पण बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो भिंतीवरून काढून चादरीत गुंडाळला होता. भिंतीवर त्या फोटोमागचा पांढरा चौकोन दिसत होता. तरी लोक मला विचारत होते, रविवारी येता ना?

मी जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होतो. जन्मभर बैलांच्या जखमा धुतल्या आणि शेळ्यांच्या लाथा खाल्ल्या. रिटायर झाल्यावर हात रिकामे झाले म्हणून काचेची टाकी आणली. दुकानदारानं रंगीत मासे दिले आणि वर सहा भुऱ्या मासोळ्या टाकल्या, म्हणाला, या कोरी, सफाईवाल्या आहेत, खालची घाण खातात. कोरीडोरास हे त्यांचं पूर्ण नाव मला मागाहून कळलं. आम्ही घरात त्यांना मिशीवाल्या म्हणायचो. घाण खातात हे साफ खोटं होतं, त्यांनाही इतरांसारखं पोटभर जेवण लागतं. रंगीत मासे एकाच उन्हाळ्यात मेले. कूलरच्या वाऱ्यात ठेवलेल्या टाकीत या सहा मात्र टिकल्या. तळाच्या वाळूत मिशा खुपसून बसायच्या, मधूनच सुर्रकन वर जाऊन हवेचा घोट घेऊन परत यायच्या आणि एखादी चक्क डोळा मारायची. मी त्यांच्या प्रेमात पडलो, यात लपवण्यासारखं काही नाही.

अकोल्यात त्या वर्षातून तीन-चारदा अंडी द्यायच्या. मादी पोटाखालच्या दोन परांत अंडी धरून काचेवर चिकटवत जायची आणि नर मागे मागे. त्यासाठी मी काय करायचो? काहीच नाही. आमच्याकडे नळ चार-पाच दिवसांनी यायचा आणि बोअरचं पाणी खारं. नळ आला की अख्खी गल्ली अंगणात. माझी आई होती तेव्हा नळ आला की एकच वाक्य म्हणायची, "आंधी पियाचं भर, मंग वापराचं." त्या क्रमात मी शेवटी एक भर घातली होती, मासोळ्यायचं. माठ भरला, ड्रम भरले, की उरलेल्या पाण्यानं अर्धी टाकी बदलायची. बस, इतकंच.

विमलचे गुडघे गेले आणि तिथून हे सगळं फिरलं. ड्रममधून बकेटी भरून वरच्या मजल्यावर न्यायचं काम तिचं होतं. माझी मुलगी प्रज्ञा अमरावतीत कॉलेजात शिकवते, नवरा-बायको दोघं नोकरीवर, लिफ्टची बिल्डिंग. ती म्हणाली, तुम्ही दोघं इकडेच या. मी नाही म्हणालो. ती रडली, मी नाही म्हणालो. शेवटी वैतागून मी बोलून गेलो, "एक साल पाहीन. माह्या मासोळ्यायनं तिथं अंडे देल्ले त राहीन. नाई त मी आपल्या घरी वापस." मला वाटलं ती चिडेल. ती म्हणाली, "मंजूर. पन मंग पलटाचं नाई बाबा." आमच्या बुद्धिमान मुलीनं बापाच्या रागातली बडबड करारासारखी पकडून ठेवली, आणि मीही ती सोडली नाही, कारण मला जिंकायची खात्री होती. जागा बदलली की मासे असे एकदम अंडी देत नाहीत.

अमरावतीत टाकी हॉलमध्ये लागली. जावई चांगला माणूस आहे, पण त्यानं टाकीच्या मागे निळ्या समुद्राचं चित्र चिकटवलं आणि आत रंग बदलणारा दिवा सोडला. माझ्या चिखलाच्या रंगाच्या मासोळ्या त्या समुद्रापुढे लग्नात चुकून शिरलेल्या पाहुण्यांसारख्या दिसायच्या. येणारे-जाणारे विचारायचे, यात मासे कुठे आहेत? मग खाली वाकून पाहायचे आणि म्हणायचे, अच्छा, या. त्या "अच्छा, या"चा मला इतका राग यायचा, की मी हॉलमध्ये बसणं सोडलं. लिफ्टमध्ये लोक मोबाइल पाहायचे. मी "काय चाललं?" म्हटलं की दचकायचे. आमच्या गल्लीत कोणाच्या घरी कोणती भाजी आहे हे फोडणीवरून कळायचं. इथे शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं हे मला सहा महिने कळलं नाही.

एकच सुख होतं, पाणी. शहरात नळ एक दिवसाआड येतो, पण बिल्डिंगखाली मोठा हौद आहे, मोटर पाणी वर चढवते आणि तोटी फिरवली की धार. पहिले काही दिवस मी नुसता तोटी फिरवून पाहायचो. मग मी रोज सकाळी मासोळ्यांचं एक बादली पाणी बदलायला लागलो. रोज. जन्मभर मिळालं नाही ते त्यांना तरी मिळू दे, असं काहीसं मनात होतं. टाकी आरशासारखी लख्ख झाली. आणि मासोळ्या? खायच्या, प्यायच्या, डोळे मारायच्या. अंड्यांचं नाव नाही.

आता इथे माझं मन फाटलं. अट जिंकायची तर अंडी नकोत. पण रोज सकाळी मी सगळ्यात आधी काच पाहायचो आणि ती कोरी दिसली की मलाच अपमान झाल्यासारखं व्हायचं. अकोल्यात या बाया काही न करता द्यायच्या, इथे मी इतकं करतो तर यांचे नखरे! प्रज्ञानं गोठवलेले किडे मागवले, कुठून तरी जंगली बदामाची वाळकी पानं आणून पाण्यात सोडली, पाणी गार राहावं म्हणून एसी दिवसभर चालू ठेवला. मी म्हणायचो, कायले मेहनत करून राहिली, नाई देत त्या. ती नवी पानं टाकायची.

विमलचं मात्र बेस बस्तान बसलं. जिना नाही, बकेटी नाहीत, गुडघे सुधारले. विहारात जायला लागली, तिथल्या बायांचा गट झाला. मी एकदा म्हणालो, तुले अकोल्याची आठवण येत नाई का? ती भाजी निवडत होती. म्हणाली, "तुमाले नळाची आठवण येते, मले बकेटीची येते. मी त नाई येत वापस. तुमाले जाचं असन त जा."

वर्ष संपत आलं तेव्हा रशीदभाईंचा फोन आला. त्यांच्या भाच्याला शिकवणीचे वर्ग काढायला आमचं घर भाड्यानं हवं होतं. "भाऊ, लडका पीछे पडा है. देना है तो हाँ बोलो, नहीं तो वो दूसरी जगह देखता." मी म्हटलं, दसरा होऊ द्या, मग सांगतो. मनात ठरलेलं होतं. काच कोरी होती, अट माझ्या बाजूनं होती. एकटा जाईन, हातानं भात टाकीन.

आणि दसरा झाल्यावर बिल्डिंगची मोटर जळली. मेकॅनिक ती उचलून घेऊन गेला आणि पार्ट मिळत नाही म्हणून बसला. ऑक्टोबरची गरमी, खाली हौद भरलेला पण त्याच्या तोंडातून पाइपाशिवाय काही आत जात नाही, वर थेंब नाही. टँकर आला तर लोक घरातले डबे, कुकर, मुलांच्या वॉटरबॅगा घेऊन खाली धावले. एका माणसाच्या हातात फुलदाणी होती! मला राहवलं नाही. मी खाली गेलो आणि ओरडलो, "थांबा हो! आंधी पियाचं!" मग मीच रांग लावली. म्हाताऱ्यांच्या घरी आधी, लेकरंवाल्यांच्या घरी नंतर. ड्रम कुठे स्वस्त मिळतात ते सांगितलं, भांडी धुतलेलं पाणी संडासाला कसं ठेवायचं ते दाखवलं. ते दिवस माझं दार सारखं वाजत होतं. "काका, टँकर कधी?" "काका, आमचं झाकण बसत नाही." सगळ्या मजल्यांवरच्या माणसांची नावं मला कळली. विमल म्हणाली, आज तुमी मस्त दिसून राहिले. मी तिच्यावर खेकसलो, कारण ते खरंच होतं.

मासोळ्यांना मात्र टँकरचं खारं पाणी मी घातलं नाही. टाकीतलं पाणी आटलं, पिवळं पडलं, कोमट झालं. मोटर बसली त्या संध्याकाळी हौदातलं थंडगार पाणी वर आलं, मी जुन्या सवयीनं अर्धी टाकी काढून एकदम भरली आणि थकून झोपलो.

सकाळी चहाला उठलो आणि काच पाहिली. समुद्राच्या चित्राच्या बाजूच्या काचेवर, वरपासून मध्यापर्यंत, साबुदाण्यासारखी अंडी.

मला सगळं तिथेच उलगडलं. अकोल्यात पाणी शिळं व्हायचं, कमी व्हायचं, आणि मग एकदम गार, भरपूर यायचं. मासोळ्यांच्या हिशेबानं तो पावसाळा होता. इथे मी रोज ताजी बादली घालून त्यांचा ऋतूच बंद केला होता. वर्षभर लाड केले आणि त्या लाडांनीच त्यांना वांझ ठेवलं. स्वतःच्या मूर्खपणाचा इतका संताप आला, की आनंदाला थोडा वेळ लागला.

मग दुसरी गोष्ट लक्षात आली. कोरी मासोळी स्वतःचीच अंडी खाते. दुपारपर्यंत काढली नाहीत, तर काच स्वच्छ. घरात सगळे झोपले होते. अकोल्याला परतायला मला काही म्हणजे काही करायचं नव्हतं. चहा घेऊन बाल्कनीत जाऊन बसायचं, एवढंच. एक मादी काचेपाशी आलीही, तोंड पुढे करून.

मी उभा राहिलो. तिकडचं अंगण डोळ्यांपुढे आलं, रशीदभाईंचा आवाज आला, भिंतीवरचा तो पांढरा चौकोनही दिसला. पण त्या अंगणात विमल नव्हती. आणि इथे, खालच्या मजल्यावरच्या बाई दहा वाजता येणार होत्या, त्यांच्या ड्रमला तोटी बसवून द्यायचं मी कबूल केलं होतं. घर म्हणजे काय हे मला कोणी विचारलं तर मोठं काही सांगता येणार नाही. जिथे पाणी बंद पडलं की माणसं आपलं दार वाजवतात, ते घर, एवढंच मला त्या वेळी वाटलं. आणि मला त्याचा रागच आला, कारण तसं घर आता माझ्यासाठी दोन गावांत होतं आणि राहता एकाच गावात येणार होतं.

मी वाटी घेतली, बाही वर केली आणि हात पाण्यात घातला. बोटाच्या टोकानं हळूच फिरवलं की अंडं सुटतं. दहा-बारा काढली असतील तेव्हा मागे चाहूल लागली. प्रज्ञा उभी होती. कधीपासून, कोण जाणे.

"बाबा," ती म्हणाली, "तुमी नसतं काढलं त मले समजलंच नसतं."

"बोलू नोको. वाटी धर."

तिनं दोन्ही हातांनी वाटी धरली. ती रडत होती, वाटी कलली होती आणि अंडी एका कडेला जमत होती. मी तिच्यावर ओरडलो.

"सरळ धर न माय! अजून अर्धे काढाचे हायेत."