एका मुळ्याला फाशी

दर सत्राच्या पहिल्या वर्गात बर्वे काकू सगळ्यांकडून एका मुळ्याला फाशी देववत. अमेरिकेत शुगर लँडजवळच्या एका कॉलेजात त्या संध्याकाळी रसायनशास्त्र शिकवायच्या आणि नागपूरहून एम.एस. करायला आलेला मी त्यांचा मदतनीस होतो. दिवसा त्या पोलिसांसाठी पुरावे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत असत. वर्गात त्या एक पुसलेली लाकडी फळी मांडत, मला दिवे मालवायला सांगत आणि तिच्यावर ल्युमिनॉल या रसायनाचा फवारा मारत. फळीवर निळा उजेड पसरे. खुनाच्या मालिका बघून तज्ज्ञ झालेली ती मुलं एका सुरात "ब्लड!" म्हणत. मग दिवे लागत आणि काकू पिशवीतून अर्धा किसलेला पांढरा मुळा काढत.

"अभिनंदन, तुम्ही आत्ताच एका मुळ्याला फाशी दिलीत," हे त्या इंग्रजीत सांगत आणि माझ्याकडे वळून मराठीत म्हणत, "याचे पराठे होतात, हे या बिचाऱ्यांना ठाऊकच नाही."

ल्युमिनॉल रक्तामुळे उजळतं, तसं ते मुळ्यामुळे, तांब्यामुळे आणि फरशी पुसायच्या ब्लीचमुळेही उजळतं. "उजळलं म्हणजे एवढंच, की अजून बघा," हे काकूंचं पालुपद. "आपल्या मराठी मंडळाचे अध्यक्षही माइक हातात आला की उजळतात. म्हणून काय आत काही असतं?"

या अध्यक्षांनी, म्हणजे साठे काकांनी, एकदा गणेशोत्सवात मुलांसाठी 'काहीतरी ग्लोइंग' करून दाखवायची काकूंना गळ घातली. काकूंनी हॉलमध्ये काळोख केला आणि एका जुन्या ताम्हणावर फवारा मारला. ताम्हण निळंशार झालं. पुढच्या रांगेतल्या बायकांनी हात जोडले. एवढी आयती संधी साठे काका कशी सोडतील? त्यांनी खणखणीत आवाजात 'गणपती बाप्पा'ची आरोळी दिली.

"अहो, तांबं आहे ते," काकू म्हणाल्या. "घरी जाऊन तांब्या-भांड्यावर मारलं तरी उजळेल. नवस नका बोलू."

"वहिनी, सायन्स वगैरे ओके आहे, पण लोकांचा मूड कशाला स्पॉइल करता?" असं म्हणून साठे काकांनी तो व्हिडिओ वर्षभर चमत्कार म्हणून फिरवला.

पुढच्या वर्षी काकूंना एका खटल्यात साक्षीला बोलावलं. बायकोच्या खुनाचा आरोप असलेल्या माणसाचा खटला होता. बायको बेपत्ता होती, मृतदेह मिळाला नव्हता. सरकारी वकिलाकडे मुख्य पुरावा एकच होता, त्या घरातली उजळलेली स्वयंपाकघराची फरशी. त्या माणसाचं उरलेलं आयुष्य तुरुंगात जाणार की नाही, हे काकूंच्या एका शब्दावर येऊन ठेपलं होतं. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होतो.

"फरशी उजळली?" वकिलानं विचारलं.

"हो."

"म्हणजे तिथे रक्त होतं."

"म्हणजे ती उजळली. पुढच्या चाचणीत रक्त सापडलं नाही. ब्लीचनंही फरशी अशीच दिसते."

"माणसं स्वयंपाकघर ब्लीचनं का पुसतात, मॅडम?"

"घाण झालेलं असतं म्हणून. मी दर रविवारी पुसते."

तो माणूस सुटला. आमच्या मंडळात मात्र त्याला शिक्षा होऊन गेली. "बर्वे वहिनींनी मर्डररला सोडवलं, कन्फर्म," साठे काकांनी पंगतीत जाहीर केलं आणि पुढच्या उत्सवातला काकूंचा कार्यक्रम कॅन्सल केला. ताम्हण उजळलं तेव्हा देव होता आणि फरशी उजळली तेव्हा खून. दोन्ही निकाल एकाच न्यायाधीशानं दिले, दुसरा तर श्रीखंडाचा आग्रह करता करता.

एका संध्याकाळी पार्किंगमध्ये मी धीर करून विचारलं, "काकू, त्यानं खरंच केलं असेल तर?"

गाडीचं दार धरून त्या उभ्या राहिल्या. "केलंही असेल रे. त्या बाईचा फोटो बघितलाय मी. स्वयंपाक करताना मध्येच आठवते. पण मला जे दिसलं नाही, ते दिसलं म्हणून कसं सांगू?" त्या रोज टोमणे मारत, त्या दिवशी एकही मारला नाही. मला त्यांचा अभिमान वाटला आणि त्यांची फार काळजीही वाटली.

त्यानंतरच्या हिवाळ्यात त्यांचं पोट दुखायला लागलं. स्कॅन झाल्यावर हॉस्पिटलमध्ये मीच त्यांना ड्राइव्ह करून नेलं. तरुण डॉक्टरनं पडद्यावरचा एक ठिपका दाखवला आणि आवाज खाली आणून सांगितलं की इथे उजळलंय. सूज असली तरी असं दिसू शकतं, असंही तो घाईघाईनं म्हणाला.

"उजळलं, एवढंच ना?" काकू मला मराठीत म्हणाल्या. मग त्याला इंग्रजीत सांगितलं, "तुकडा काढून तपासा. त्याआधी नाव देऊ नका."

रिपोर्ट यायचा होता. ताम्हणापुढे हात जोडणाऱ्या बायकांना मी पोट धरून हसलो होतो. आता मीच देवापुढे उभा राहून म्हणत होतो, मुळा निघू दे.

मुळा निघाला नाही. काकूंनी चष्मा लावून रिपोर्ट सावकाश वाचला, मागे जाऊन पुन्हा वाचला आणि घडी घालून पर्समध्ये ठेवला.

"काम नीट केलंय त्या डॉक्टर पोरानं," त्या म्हणाल्या.

परतताना त्यांनी इंडियन स्टोअरपाशी गाडी थांबवायला लावली. दुसऱ्या दिवशी त्यांचं शेवटचं सत्र सुरू होणार होतं आणि घरातला मुळा संपला होता.