अढळ ताऱ्यावरची मोजणी

प्रश्न एवढाच होता: दुर्बीण आकाशाच्या गतीने फिरत असताना छायाचित्रातले तारे ठिपके न राहता लांबट का उमटतात? दुर्बीण माझ्या मित्राची, दौंडमध्ये गणित शिकवून निवृत्त झालेल्या सरांची. मी शिरूरचा, विषय भूगोल. आकाशाच्या बाबतीत ते मला जाणकार मानत आणि मी त्यांना तसे मानू देत असे.

दुर्बिणीवरचा छोटा कॅमेरा एका ताऱ्यावर नजर ठेवतो. तारा सरकला की संगणकातले सॉफ्टवेअर दुर्बिणीला हलका धक्का देऊन जागेवर आणते. किती धक्क्याला तारा किती सरकतो, हे मात्र त्याला आधी शिकवावे लागते. त्याला कॅलिब्रेशन म्हणतात. सरांच्या गच्चीवर ते मीच करून दिले होते, ध्रुवाजवळच्या एका ताऱ्यावर. मोजणीचा आधार अढळ हवा, हे वर्गात इतकी वर्षे सांगितले होते की दुसरी जागा मनातही आली नाही. पूर्व-पश्चिम धक्क्यांनी तारा फारसा सरकेना. सॉफ्टवेअरने तशी सूचना दिली. ती मी बंद केली आणि धक्के लांबवून काम पूर्ण करून घेतले.

चित्रे बिघडली तेव्हा मी म्हणालो, "सर, रूळ जवळ आहेत. मालगाडी गेली की तुमचा चौथरा थरथरतो."

दुर्बिणीसाठी तो चौथरा सरांनी स्वतः सिमेंट कालवून बांधला होता. त्यांनी उलट काही विचारले नाही. चौथरा फोडून त्यात रोवलेला दुर्बिणीचा खांब काढला, आणि फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी दुर्बीण रुळांपासून दूर, निमोणे गावी माझ्या मेहुण्यांच्या शेतात आणली. कॅलिब्रेशनसाठी मी पुन्हा ध्रुवाकडेच वळलो. तारे पुन्हा लांबट.

"सर, निमोण्याला रेल्वे कधी आली?" त्यांनी विचारले.

"वारा असेल."

"पान हलत न्हाई हितं. वाऱ्याची बदली झाली वाटतं."

मी हसलो नाही. चित्र मोठे करून पाहिले, जे दौंडलाच पाहायला हवे होते. सगळे तारे पूर्व-पश्चिमच ताणले होते. गाडीची थरथर अशी एकच दिशा निवडत नाही. मग उलगडा झाला. पृथ्वीगोल थोडा फिरवला तर विषुववृत्तावरचा ठिपका बराच सरकतो, ध्रुवाजवळचा जेमतेम. आकाशातही तेच. ध्रुवाजवळ शिकलेले सॉफ्टवेअर इतरत्र गरजेपेक्षा मोठे धक्के देत होते आणि तारा मागे-पुढे झुलत होता. हा गोल मी दरवर्षी वर्गात फिरवून दाखवला होता.

मृगाच्या पोटातल्या बाणाजवळ, आकाशाच्या विषुववृत्तापाशी, नव्याने कॅलिब्रेशन केले. तारे गोल आले.

सरांनी पडद्यावरचे चित्र मोठे करून पाहिले. "म्हणजे चौथरा बरोबर होता."

"बरोबर होता."

"पाण्याचा पेला ठेवून बघणार होतो त्याच्यावर. गाडी जाताना पाणी हलतंय का ते." ते वायरी गुंडाळू लागले. "म्हटलं, तुम्ही सांगितलंय. कशाला तपासायचं."

त्यांनी दुसरा चौथरा बांधलेला नाही, आणि मलाही तसे सुचवण्याचे धैर्य झालेले नाही.

म्हणून वाचकांना विनंती: वरचे कारणही माझ्या शब्दावर मान्य करू नये. एकदा ध्रुवाजवळ आणि एकदा मृगाच्या बाणापाशी कॅलिब्रेशन करावे, दोन्ही चित्रे शेजारी ठेवावीत आणि स्वतः तपासून पाहावे.